हाताने मोजलेलं वय

रोमहून फोन आला तेव्हा तो मीच उचलला, म्हणून त्या माणसाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मधाळ आवाज. नर्सची नोकरी केली तेवढी वर्षं मी हा आवाज ऐकलाय. रुग्ण दगावला की मोठे डॉक्टर नातेवाइकांशी असंच बोलतात.

"कार्डिनल दाबुओंना आमचे प्रणाम कळवा," तो म्हणाला. "पोप गेल्याचं समजलंच असेल. सगळ्या कार्डिनलांच्या चर्चासभा होतील, त्यांना ते जरूर येऊ शकतात. मतदानाला मात्र नाही. जानेवारीत त्यांना ऐंशी पूर्ण झाली ना! आमच्या सगळ्यांच्या वतीनं त्यांचं अभिनंदन."

अभिनंदन! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"कुणाला ऐंशी झाली?"

"कार्डिनलसाहेबांना."

"नाही झाली."

पुन्हा तोच मध. "बाईसाहेब, आमच्याकडे तशी नोंद आहे." आणि फोन बंद.

कार्डिनल गर्व्हेस दाबुओ म्हणजे माझे सख्खे काका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. निवृत्त होऊन ते गावी, आफ्रिकेत तांगझूला परतले, तेव्हापासून त्यांचं घर मी बघते. माझं नाव युलालिया. नियम असा आहे, की पोप ज्या दिवशी जातो त्याच्या आधी ज्या कार्डिनलनं ऐंशी गाठली, त्याला नवा पोप निवडायला बसता येत नाही. काकांच्या कागदांवर जन्मतारीख होती एक जानेवारी. पोप गेले फेब्रुवारीच्या मध्यावर. दीड महिन्यानं हुकलं. आणि ते ऐंशीचं वर्ष धादांत खोटं होतं. तांगझूत कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल.

काकांनी पेटी भरायला घेतली होती. लाल टोपी कागदात गुंडाळून वर ठेवलेली. मी निरोप सांगितला तसे ते खाटेवर बसले आणि बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिले. काका कार्डिनल झाले ते मागच्या निवडणुकीनंतर, त्यामुळे मत द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आणि त्यांना ती हवी होती. साधूबैराग्याचं सोंग त्यांनी कधी केलं नाही. आमच्या दागार जमातीच्या मातीतला, बाजरीच्या पिठाचा घट्ट साब खाऊन वाढलेला माणूस त्या दालनात बसून कागदावर नाव लिहिणार, ह्याचा त्यांना अभिमान होता. मला म्हणायचे, "युलालिया, एकदाच. एकदा लिहिलं की झालं."

"काका, काहीतरी बोला ना," मी म्हटलं.

"टोपी आत ठेव. धूळ फार आहे," ते म्हणाले.

झिएमकाका दुपारी आले. पितोचा, म्हणजे आमच्या ज्वारीच्या दारूचा, भोपळा काखेला होताच. झिएमकाका आणि काका एकाच सुगीत जन्मले. काकांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, दूध कमी होतं, म्हणून झिएमकाकांच्या आईनं दोघांना एका वेळी पाजलं. एक डावीकडे, एक उजवीकडे. शिवाय आमच्या कुळाचं आणि त्यांच्या कुळाचं थट्टेचं नातं. एकमेकांना काहीही बोलावं, दुसऱ्यानं रागवायचं नाही. अख्ख्या देशात कार्डिनलला लहानपणच्या नावानं हाक मारणारा हा एकच माणूस उरला होता.

"अरे देर," ते दारातूनच ओरडले, "तुझ्या आजोबांनी त्या पोपच्या दोन बकऱ्या पळवल्या होत्या का रे? नेमका दीड महिना थांबून मेला!"

"मेलेल्या माणसाबद्दल नीट बोल, झिएम."

"बोलतोय नीटच. तुला ऐंशी झाली म्हणे. मग मला किती? माझ्या कागदावर अठ्ठ्याहत्तर. माझ्या आईनं तुला दोन वर्षं आधीपासून पाजायला घेतलं होतं काय? मी जन्मायच्या आधी?"

मला हसू आलं. काकांना नाही. त्यांनी भोपळ्यातली पितो आधी पूर्वजांच्या नावानं थोडी जमिनीवर ओतली, मग एक घोट घेतला आणि म्हणाले, "तुझा हात आखूड होता, त्याला मी काय करू?"

झिएमकाकांचा चेहरा बदलला. थट्टा संपली.

हाताची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. फादर पेल्तिए नावाचे कॅनडाचे गोरे फादर तेव्हा मिशनवर होते. शाळेत सात वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही असा सरकारी दंडक. जन्माच्या तारखा कुणाकडे असणार? तर मुलाला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचा, आणि बोटं डाव्या कानाला लागली की मूल सात वर्षांचं. लागली नाहीत की लहान, घरी जा. तेव्हा ही रीत सगळीकडेच होती. काका लहानपणी काटकुळे होते, हात लांबलचक, माकडासारखे. बोटं कानाला लागली. पाच वर्षांचे होते ते. झिएमकाकांचा हात कानापर्यंत पोचेना. सगळ्या पोरांसमोर फादर हसले आणि त्यांनी त्यांना परत पाठवलं. पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी बोटं लागली, आणि मग तेही सात वर्षांचे झाले. एका आईचं दूध प्यायलेली दोन मुलं, पण एक दोन वर्षांनी मोठा ठरला.

काकांना आत घेतलं त्या दिवशी माझी आजी म्विनपोग तिथेच होती. ती पुढे झाली आणि दुभाष्याला म्हणाली, "हा पाच वर्षांचा आहे. मी त्याची आई आहे, मला माहीत आहे." दुभाष्यानं फादरना सांगितलं. फादर काहीतरी म्हणाले आणि लिहीत राहिले. दुभाष्या आजीला म्हणाला, "फादर म्हणतात, तुम्हा बायकांना मोजता कुठे येतं." मग बाप्तिस्म्याच्या वेळीही तीच सात वर्षं धरून तारीख लिहिली गेली. एक जानेवारी. त्या वर्षीची सगळीच मुलं एक जानेवारीची.

आजी हे सांगायची तेव्हा हसत सांगायची. तिचं ते हसणं मला तेव्हाही आवडायचं नाही.

"मला साक्षीला ने," झिएमकाका म्हणाले. "मी पोलिसात होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या, एकदा माझी कुणीतरी लिहून घ्या. आहेत अजून तीन-चार म्हातारे. चल बिशपकडे. त्यानं सही करून रोमला कळवलं की झालं."

"आता? पोप गेल्यावर? लोक काय म्हणतील?"

"म्हणजे तुला लाज वाटते."

"वाटते," काका म्हणाले. आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. ते कार्डिनल झाले त्या आठवड्यात तिकडच्या कुठल्याशा वर्तमानपत्रात चित्र आलं होतं. आफ्रिकेतले कार्डिनल पाळण्यात झोपलेत, तोंडात बोंडलं, आणि खाली लिहिलेलं, की हे दरवर्षी लहान होत जातात. मेजवानीत दोघांतिघांनी ते चित्र त्यांना हसत हसत दाखवलं होतं. तेव्हा ते तारीख दुरुस्त करायला सांगणार होते. चित्र बघितल्यावर गप्प बसले.

"म्हणजे त्यांनी आधी तुझं वय वाढवलं," झिएमकाका म्हणाले, "आणि मग तू ते कमी करशील म्हणून तुलाच चोर ठरवलं. आणि तू मूग गिळून बसलास. शाबास! लाल टोपी ह्यासाठीच देतात वाटतं."

काका एकदम उठले. "युलालिया, गाडी काढ," ते म्हणाले.

बिशप कोस्मास आमच्याच भागातला. काकांच्या मिसेला घंटी वाजवणारा मुलगा होता तो, काकांनीच त्याला शिकवलं, वाढवलं. तो धावत बाहेर आला, काकांच्या अंगठीचं चुंबन घेतलं, पाणी मागवलं. जुन्या सवयीनं त्यांना अजून 'फादर'च म्हणायचा. आम्हाला त्यानं मोठ्या खोलीत बसवलं. तिथे भिंतीवर फादर पेल्तिएंची भलीमोठी तसबीर. दाढीवाला हसरा चेहरा. तोच चेहरा आमच्या बायकांच्या लुगड्यांवरही छापलेला आहे, कारण फादर पेल्तिएंना संत म्हणून जाहीर करावं ह्यासाठी आमचा धर्मप्रांत कित्येक वर्षं झटतोय. त्या कामाला सुरुवात करून दिली होती ती माझ्या काकांनीच, ते इथले बिशप असताना.

काकांनी थोडक्यात सांगितलं. बिशपनं सगळं ऐकून घेतलं आणि पेल्यातलं पाणी हलवत बसला.

"फादर, मी सही नाही करू शकत," तो म्हणाला.

"का?"

"तुम्हालाच माहीत आहे. चौकशी मंडळाचं काम संपत आलंय. पेंटेकॉस्टच्या सणाला सगळ्या पेट्या सील होऊन रोमला जाणार. त्यात आहे काय? फादर पेल्तिएंनी लिहिलेलंच तर आहे सगळं. लुळी बाई चालायला लागली, कोणी लिहिलं? त्यांनी. आता मीच लिहून देऊ, की ह्या माणसानं देवाच्या वेदीपुढे बसून पोरांची वयं खोटी लिहिली? तिकडे आक्षेप घ्यायलाच माणूस बसवलेला असतो. तो म्हणेल, वयं खोटी, मग बाईचे पाय खरे कशावरून?"

"पण वयं हातावरून लिहिली होती, हे तुला माहीत नाही?"

"सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वडिलांचंही तसंच लिहिलं होतं. माहीत असणं वेगळं, सही वेगळी."

झिएमकाका खुर्चीतून पुढे सरकले. "अरे पोरा, हा माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हा, तुझ्यासमोर बसलाय तो. जिवंत. तो गोरा मातीखाली जाऊन किती वर्षं झाली! तू कोणाची काळजी करतोयस?"

"बाबा, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच पडणार. मी ह्याच्या शेजारी पडूनच दूध प्यायलोय."

बिशपचा आवाज चढला. तो काही दुष्ट माणूस नव्हे, हे मी रागातही सांगते. घाबरलेला होता. घाबरलेली माणसं लागेल तिथे मारतात. तो काकांकडे वळला. "आणि फादर, तुमचं स्वतःचं काय? चोविसाव्या वर्षाआधी कुणाला धर्मगुरू करता येत नव्हतं. तुमची दीक्षा झाली तेव्हा कागदावर चोवीस होती. खरी किती होती? बावीस! तेव्हा तुम्ही नाही म्हणालात की मी लहान आहे, थांबा. तेव्हा ती दोन वर्षं तुम्हाला चालली. आता मत द्यायची वेळ आली तेव्हा नकोशी झाली?"

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा खराटा तेवढा ऐकू येत होता.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांच्या वर्मावरच बसलं होतं. मला वाटलं, आता ते उठून निघणार. पण ते फार हळू आवाजात म्हणाले, "हो. चालली. मला घाई होती. त्यासाठी मला जे म्हणायचं ते म्हण. पण कोस्मास, तू आज काय करतोयस ते तरी बघ. त्याला संत करायचं म्हणून तू मला ऐंशीचा करतोयस."

"मी काही करत नाहीये. मी फक्त सही करत नाहीये."

"हेच म्हटलं मी."

निघताना बिशप पुन्हा अंगठीचं चुंबन घ्यायला वाकला. काकांनी हात मागे घेतला. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

काकांनी मग स्वतः रोमला फोन लावला. मधाळ आवाजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की स्थानिक बिशपच्या लेखी खात्रीशिवाय काही करता येत नाही, आणि खात्री आली तरी ह्या घडीला अवघड आहे. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आपण समजून घ्याल, महोदय. बाहेर ते कसं दिसेल." काकांनी 'धन्यवाद' म्हटलं. फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीवर मूठ आपटली. बोटांची सालं निघाली. मी पट्टी बांधायला बसले.

"आईनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तिथे उभी राहून सांगितलं होतं तिनं, युलालिया. कुणाला ऐकू गेलं नाही. मलाही नाही. मी तर खूश होतो, माझा हात पोचला म्हणून."

चर्चासभांना ते गेले नाहीत. ऐंशीच्या वरच्यांवर तसं बंधन नसतं. राजधानीतून, अक्राहून, धर्मगुरूंचे फोन आले, मंत्र्याचा माणूस येऊन गेला. त्या मंत्र्याच्या माणसानं तर एका दिवसात कोर्टाकडून नवा जन्मदाखला काढून देतो म्हणून सांगितलं. हवी ती तारीख बोला, म्हणाला. काकांनी त्याला अंगणातून बाहेर काढलं. "हवी ती नको आहे मला. खरी हवी आहे," एवढंच म्हणाले. तो बिचारा मागे मागे सरकत गाडीत जाऊन बसला. त्याला कळलंच नाही आपलं काय चुकलं.

झिएमकाका मात्र काकांवरही चिडले होते.

"जा ना तिकडे! सभेत उभा राहा आणि तोंडावर सांग. इथे कोंबड्यांना सांगून काय होणार?"

"मी उभा राहिलो की त्यांना ते पाळण्याचं चित्र दिसणार."

"दिसू दे. तू काय त्यांना सुंदर दिसायला जाणार आहेस?"

"झिएम, मला मत हवं होतं. म्हणून माझ्या तोंडून आलेलं खरंही आता मतासाठीच वाटणार. मलासुद्धा तसंच वाटेल. तुला नाही समजत का?"

"नाही समजत," झिएमकाका म्हणाले. "मी साधा हवालदार. खरं ते खरं." आणि पितो न पिताच निघून गेले. असं ह्याआधी कधी झालं नव्हतं.

निवडणूक चालू होती ते दिवस घरात फार वाईट गेले. काका सकाळी गावच्या चर्चमध्ये मिसा करायचे, मग रेडिओजवळ बसायचे. जेवण पुढे ठेवलं तर भेंडीचं कालवण थंड होऊन त्यावर साय धरायची. मी एकदा रेडिओ बंद केला तर माझ्यावर ओरडले. मग मीही ओरडले. मी म्हटलं, तुम्हाला शिकवलं त्यांनी, मोठं केलं त्यांनी, आणि आता हाकललं त्यांनी, आणि तुम्ही अजून त्यांचाच रेडिओ ऐकता. ते म्हणाले, "ते म्हणजे कोण, युलालिया? मी पण तेच आहे." रागाचं हेच वाईट असतं. लाथ मारायला दार शोधावं तर घर आपलंच निघतं.

नवा पोप झाल्याचं जाहीर झालं तेव्हा गावात घंटा वाजल्या, पोरांनी ग्यील बाहेर काढून लाकडी पट्ट्यांवर ठोके धरले, बायका नाचायला लागल्या. काका जमिनीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी नव्या पोपसाठी मनापासून प्रार्थना केली, हे मी शेजारी बसून ऐकलं; त्यात खोट नव्हती. मग खाटेचा आधार घेऊन उठले.

"गाडी काढ. वाटेत झिएमला घेऊ."

"कुठे?"

"चौकशी मंडळापुढे. पेट्या अजून सील झालेल्या नाहीत."

मंडळ म्हणजे तीन धर्मगुरू, बिशपच्या आवारातल्या एका लांबट खोलीत बसणारे. फादर पेल्तिएंबद्दल कुणालाही काही सांगायचं असेल तर शपथेवर लिहून घेणं त्यांना भाग होतं. नाही म्हणण्याची त्यांना मुभाच नव्हती, आणि हे काकांपेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? मंडळ त्यांनीच बसवलेलं. आम्ही पोचल्याची खबर लागताच बिशप धावत आला. कपाळावर घाम.

"फादर, आता काय उपयोग? निवडणूक झाली!"

"झाली म्हणूनच आलो. आता मला ह्यातून काही मिळणार नाही. आता माझं ऐकायला कुणाला अडचण नसावी."

"गावातल्या बायकांनी भांडी विकून वर्गणी दिलीय ह्या कामाला. तुम्ही त्यांच्या तोंडात माती घालताय."

"कोस्मास," काका म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज अख्ख्या आवारात ऐकू गेला, "तो माणूस संत असेल तर माझ्या दोन वर्षांनी त्याचं काही बिघडणार नाही. आणि तेवढ्यानं बिघडत असेल, तर मग तू लुगड्यांवर काय छापलंस?"

मला साक्षीच्या वेळी आत बसू दिलं नाही. पण खिडक्या उघड्या होत्या आणि काकांना हळू बोलायचंच नव्हतं. त्यांनी फादर पेल्तिएंबद्दल सगळं चांगलं सांगितलं. ताप आलेल्या पोरांजवळ ते रात्रभर बसायचे. देवीच्या साथीत मेलेल्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं पुरलं. काकांना अक्षर ओळखायला शिकवलं ते त्यांनीच. "माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि आहे," ते म्हणाले. मग हाताचं सांगितलं. आपली दीक्षा दोन वर्षं आधी झाली आणि आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं.

"आणि आता हे लिहा," ते म्हणाले. "माझी आई म्विनपोग ही त्या दिवशी तिथे हजर होती. तिनं माझं खरं वय सांगितलं. तिला मोजता येत होतं."

लिहिणारा धर्मगुरू चाचरला. "महोदय, हे... म्हणजे आईंचं... ह्याचा प्रत्यक्ष संबंध—"

"लिहा."

नंतर झिएमकाका आत गेले. त्यांनी स्वतःचं नाव, बापाचं नाव, कूळ, हुद्दा सगळं पोलिसी थाटात सांगितलं. मग फादर आपल्याला सगळ्या पोरांसमोर हसले होते हे सांगताना मधेच थांबले. मला बाहेरून वाटलं, विसरले. मग त्यांचा आवाज आला, चिरका, ओळखू न येणारा. "मी लहान नव्हतो. माझा हात लहान होता. एवढंच होतं. एवढं कुणाला कळायला नको?"

ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि मी काही विचारायच्या आत माझ्यावरच खेकसले, "काय बघतेस पोरी? गाडी सुरू कर!"

पेंटेकॉस्टला पेट्या सील झाल्या. त्या दोन साक्षी त्यांतच गेल्या, कारण काढून टाकणं कुणाच्या हातात नव्हतं. त्यानंतर रोमहून काही आलेलं नाही. काम अडलं, का तिकडे सगळंच सावकाश चालतं, हे आम्हाला कुणी सांगत नाही. पण गावानं ठरवून टाकलंय, की अडलं, आणि कार्डिनलनं अडवलं. मत मिळालं नाही म्हणून सूड घेतला म्हणतात. आठवड्याच्या बाजारात मी तिखट घ्यायला गेले तर एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझ्या काकानं आमचा संत खाल्ला." तिच्या लुगड्यावर, नेमका पोटावर, फादर पेल्तिएंचा चेहरा हसत होता. मी तिला म्हटलं, "तुझ्या बापाची जन्मतारीख काय गं?" तिनं तोंड फिरवलं. मला माहीत होतं, एक जानेवारी.

बिशप नाताळला फळांची टोपली पाठवतो, स्वतः येत नाही. काका टोपली ठेवून घेतात आणि फळं शाळेतल्या मुलांना वाटतात. काकांचा राग गेलेला नाही. लोकांना वाटतं, धर्मगुरूंचा राग प्रार्थनेनं जातो. काका म्हणतात, मी प्रार्थना करतो ती राग जावा म्हणून नाही, तो योग्य जागी राहावा म्हणून.

गेल्या महिन्यात ते आजीच्या थडग्यावर गेले होते. तिथे सिमेंटच्या फरशीवर नाव आहे, मृत्यूची तारीख आहे, आणि जन्माच्या जागी आडवी रेघ. फरशी दुरुस्त करायला आणलेला गवंडी म्हणाला, अंदाजानं एखादं साल कोरून टाकू का, मोकळं वाईट दिसतं. काका म्हणाले, "नको. तिला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं. आता कुणी अंदाज करायचा नाही."

गवंड्यानं रेघ तशीच ठेवली आणि फरशीच्या कडा तेवढ्या नव्या सिमेंटनं पक्क्या करून दिल्या.